उजवा हात कोणता?

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात भरलेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीविषयी बोलावे, अशी अपेक्षा असते. ते काम गेल्या दोन कार्यक्रमांत माझ्याहून अधिकारी अशा वक्त्यांनी केले आहे. मी मात्र आज एक फार लहान विषय घेऊन उभी आहे. बुद्धिमत्ता चाचणीत दिशांविषयी चार-दोन प्रश्न असतात, त्यांविषयी मला बोलायचे आहे. ‘रमेश उत्तरेकडे तोंड करून उभा आहे, तो उजवीकडे वळला’ असे ते प्रश्न. कार्यक्रमपत्रिकेत हा विषय वाचून काहींना नवल वाटले असेल. मी मराठीची शिक्षिका. आकृत्या आणि आकडेमोड हा माझा प्रांत नव्हे. परंतु आठ वर्षांपूर्वी आपल्या गणिताच्या बाई निवृत्त झाल्या, नवी नेमणूक लांबली, आणि आठवीच्या शिष्यवृत्तीचा जादा तास माझ्याकडे आला. त्या तासाने मला जे शिकवले, त्यात माझ्या हातून झालेली एक चूकही आहे. ती सांगितल्यावाचून हे भाषण पुरे होणार नाही.

प्रथम ही शिष्यवृत्ती काय आहे ते पालकांना सांगते. एन.एम.एम.एस. या नावाने ओळखली जाणारी ही केंद्र शासनाची योजना २००८ साली सुरू झाली. शासकीय आणि अनुदानित शाळांतील, मर्यादित उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांसाठी ती आहे. परीक्षा आठवीत होते. एक भाग बुद्धिमत्तेचा, ९० प्रश्नांचा. दुसरा शालेय विषयांचा, तोही ९० प्रश्नांचा. यशस्वी विद्यार्थ्याला नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये. ज्या घरातील मुलगी दहावीनंतर शिकणार की कामाला लागणार हे अजून ठरायचे असते, त्या घरात ही रक्कम काय करते, हे येथे बसलेल्या अनेकांना ठाऊक आहे. आणि ही संधी एकदाच येते. आठवी सरली की संपली.

मी तास घेऊ लागले तेव्हा माझ्या ध्यानात आले, की नातेसंबंध, अक्षरमाला, सांकेतिक भाषा यांत बरी असणारी मुले दिशांच्या प्रश्नाशी येऊन अडतात. पहिल्याच दिवशी मी विचारले, ‘उत्तर कुठे आहे?’ अर्ध्या वर्गाने फळ्याकडे बोट केले. दोघा-तिघांनी छताकडे केले. मी हसले. आज ते हसू मला खटकते. कारण उत्तर या शब्दाचा मूळ अर्थच ‘वरचे’ असा आहे. अंगावर वरून पांघरायचे वस्त्र ते उत्तरीय. छताकडे बोट करणाऱ्या मुलाला संस्कृत येत नव्हते, पण नकाशात उत्तर वर असते एवढे त्याने नीट लक्षात ठेवले होते. नकाशाचा ‘वर’ आणि जमिनीवरचा ‘पुढे’ यांतला फरक त्याला कोणी सांगितलाच नव्हता.

तेथूनच माझी वाट मला सापडली. गणित मला येत नाही, पण शब्द येतात. आपल्या चार दिशांची नावे ही उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाने ठेवलेली नावे आहेत. पूर्व म्हणजे पुढची. पूर्वज म्हणजे आपल्या आधी, पुढे होऊन गेलेले. पश्चिम म्हणजे मागची; पश्चात् हा शब्द तुम्ही ऐकला आहे. दक्षिण म्हणजे उजवी. उत्तर म्हणजे वरची, उंचावरची. एवढे कळले की पूर्वेकडे तोंड केलेल्या माणसाच्या उजव्या हाताला कोणती दिशा, हे पाठ करावे लागत नाही. शब्दच ते सांगतो.

आणि मग प्रदक्षिणा. देव उजव्या हाताला ठेवून फिरायचे, ती प्रदक्षिणा. पूर्वाभिमुख देवळात दारातून निघालो की आपण पूर्वेकडून दक्षिणेला, दक्षिणेकडून पश्चिमेला, तेथून उत्तरेला आणि पुन्हा पूर्वेला येतो. पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर, हा क्रम देवळात जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पायांत असतो. प्रश्नात ‘उजवीकडे वळला’ असे आले की या क्रमात एक घर पुढे जायचे. ‘डावीकडे वळला’ आले की एक घर मागे. बस्स. उपदिशाही याच फेरीत बसतात. पूर्वेनंतर आग्नेय, दक्षिणेनंतर नैर्ऋत्य, पश्चिमेनंतर वायव्य, उत्तरेनंतर ईशान्य. एकूण आठ घरे.

मुलांना कठीण वाटणारा एक प्रकार यावरच सुटतो. ‘आग्नेयेला उत्तर म्हटले, ईशान्येला पश्चिम म्हटले, तर पश्चिमेला काय म्हणावे?’ आग्नेयेपासून उत्तरेपर्यंत उलटे मोजा: पूर्व, ईशान्य, उत्तर. तीन घरे मागे. ईशान्येपासून पश्चिमेपर्यंत मोजा: उत्तर, वायव्य, पश्चिम. येथेही तीन घरे मागे. मग पश्चिमेपासून तीन घरे मागे जा: नैर्ऋत्य, दक्षिण, आग्नेय. उत्तर आग्नेय. अंशांचे कोन मोजायची गरज नाही. सापशिडी खेळणाऱ्या मुलाला घरे मोजता येतातच.

आपल्या बडोद्याच्या मुलांना तर आणखी एक सोय आहे. जुन्या शहराच्या मधोमध मांडवी उभी आहे. तिच्या चारी बाजूंना चार रस्ते आणि चार दरवाजे. ढोबळमानाने पाहिले तर पूर्वेला पाणीगेट, पश्चिमेला लहेरीपुरा, उत्तरेला चांपानेर दरवाजा आणि दक्षिणेला गेंडीगेट. मी मुलांना सांगते, प्रश्नातल्या रमेशला मांडवीखाली उभा करा. उत्तरेकडे तोंड, म्हणजे चांपानेर दरवाजा समोर. उजवीकडे वळला, पाणीगेट दिसले. पुन्हा उजवीकडे, गेंडीगेट. आता डावीकडे, पुन्हा पाणीगेट. तोंड पूर्वेला. रोज भाजी आणायला, दसऱ्याला आपट्याची पाने आणायला ज्या रस्त्यांनी गेलो, ते डोक्यात असले की कागदावरचा बाण आपोआप वळतो.

अंतराच्या प्रश्नांविषयी थोडक्यात सांगते. त्यांना मी जमा-नावे म्हणते. दोन खाती उघडा, एक उत्तर-दक्षिण आणि एक पूर्व-पश्चिम. समजा, मुलगा उत्तरेकडे १० मीटर गेला, डावीकडे वळून २, पुन्हा डावीकडे वळून ६, पुन्हा डावीकडे वळून ५ मीटर चालला. त्याचा मार्ग उत्तर, पश्चिम, दक्षिण, पूर्व असा झाला. पहिल्या खात्यात १० जमा, ६ नावे. शिल्लक उत्तरेला ४. दुसऱ्या खात्यात पश्चिमेला २, पूर्वेला ५; शिल्लक पूर्वेला ३. चार आणि तीन, म्हणून सरळ अंतर ५. दिशा ईशान्य. पेढीवर बसणाऱ्यांची मुले हे माझ्याहून लवकर करतात. ३-४-५, ५-१२-१३, ८-१५-१७, ७-२४-२५ एवढी त्रिकुटे ध्यानात ठेवली तर बहुतेक प्रश्नांत वर्गमूळ काढावे लागत नाही. ३ व ४, ५ व १२, ८ व १५, ७ व २४ या जोड्या यज्ञवेदी आखण्यासाठी बौधायनाच्या शुल्बसूत्रात दिलेल्या आहेत. शुल्ब म्हणजे दोरी. ही विद्या दोरीने जमिनीवर मोजमाप करणाऱ्यांची आहे, हे सांगितले की मुलांची भीती जरा कमी होते. (वरच्या उदाहरणातली दिशा काटेकोरपणे ईशान्य नाही, असे आपले भूगोलाचे सर मला दर वर्षी ऐकवतात. त्यांचे खरे आहे. परीक्षेत मात्र ईशान्यच लिहायचे.)

मराठीची शिक्षिका म्हणून मला सर्वांत जास्त झटापट करावी लागते ती शेवटच्या वाक्याशी. सगळी वळणे बरोबर घेतलेली मुले उत्तराच्या उंबरठ्यावर पडतात, कारण प्रश्न असतो ‘घरापासून शाळा कोणत्या दिशेला आहे?’ आणि ती सांगतात शाळेपासून घर. दिशा बरोबर उलटी येते आणि पर्यायांत तीही दिलेली असते; प्रश्न काढणारा काही भोळा नसतो. येथे विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये कामाला येतात. ज्या शब्दाला ‘पासून’ लागले आहे तेथे जाऊन उभे राहा. ‘शाळेच्या उत्तरेस’ म्हटले असेल तर ज्याला ‘च्या’ चिकटले आहे, तेथे उभे राहा. नंतर दुसऱ्या वस्तूकडे बघा. गुजराती पुस्तकात हेच काम ‘थी’ करतो. व्याकरण परीक्षेपुरते असते, असे म्हणणाऱ्यांना मी हा प्रश्न सोडवायला देते.

आता त्या चुकीकडे येते.

बाजारात मिळणारी सरावाची पुस्तके गुजराती होती, म्हणून मी मराठीत सराव-पत्रिका तयार केल्या. प्रत्येक पत्रिकेच्या माथ्यावर एक चौकट. चौकटीत एक वाक्य: ‘आपण ज्या हाताने लिहितो तो उजवा हात, दुसरा डावा.’ मला ते वाक्य सोपे आणि उपयुक्त वाटले होते.

त्या वर्गात पाणीगेटबाहेर राहणारी एक मुलगी होती. आई दोन घरी पोळ्या करायला जात असे. मुलगी हुशार, कमी बोलणारी. माझ्या पत्रिकांत तिचे दिशांचे सर्व प्रश्न चुकत. एखाद-दुसरा नव्हे, सर्व. सलग तीन पत्रिकांवर मी तांबड्या शाईने ‘लक्ष नाही’ असा शेरा दिला. अर्ज भरायची वेळ आली तेव्हा निकालाचे प्रमाण चांगले राहावे म्हणून आम्ही सरावातल्या गुणांवरून नावे निवडली. तिचे नाव थोडक्यात राहिले. चार गुण अधिक असते तर राहिले नसते. तिच्या आईला मी स्वतः सांगितले, ‘या परीक्षेचा नाद सोडा, तिला दहावीची तयारी करू द्या.’ त्या बाई ‘बरं’ म्हणून गेल्या.

पुढच्या वर्षी, म्हणजे ती नववीत असताना, डिसेंबरमध्ये भूगोलाच्या सरांनी आणि मी मैदानावर एक प्रयोग केला. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात पूर्व-पश्चिम रेषा काढण्याची रीत आहे, तीच आम्ही केली. सपाट जागी दोन फूट उंचीचा सरळ शंकू, म्हणजे काठी, रोवली. तिच्याभोवती तीन फूट त्रिज्येचे वर्तुळ दोरीने आखले. सकाळी सावली लांब असते, वर्तुळाबाहेर जाते. मग आखडत येते. सव्वादहाच्या सुमारास सावलीचे टोक वर्तुळाला टेकले, तेथे खूण केली. दुपारी पावणेतीनच्या सुमारास ती लांबत लांबत पुन्हा वर्तुळाला टेकली, तेथे दुसरी खूण. दोन्ही खुणा जोडल्या, ती पूर्व-पश्चिम रेषा. सर्वांत आखूड सावली बाराला पडली नाही, साडेबाराच्या जरा पुढे पडली. आपले प्रमाणवेळेचे रेखावृत्त ८२.५ अंश पूर्व, बडोदे त्याच्या बरेच पश्चिमेला. म्हणून आपला मध्यान्ह घड्याळाच्या मागे पडतो. हे मलाही त्या दिवशीच कळले. सरांनी आणखी एक गंमत सांगितली. बडोदे कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला असल्यामुळे जूनच्या मध्यात भर दुपारी येथे सूर्य किंचित उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. परीक्षेतला सूर्य इतका हिंडत नाही. तो सकाळी पूर्वेला आणि संध्याकाळी पश्चिमेला, एवढेच धरायचे.

ती रेषा वाढवत आम्ही वर्गाच्या इमारतीपर्यंत नेली, तेव्हा मला प्रथम दिसले की आठवीच्या वर्गातला फळा दक्षिणेच्या भिंतीवर आहे. फळ्याकडे तोंड करून बसलेल्या मुलांच्या डाव्या हाताच्या खिडकीतून सकाळचे ऊन येई, आणि मी फळ्यावर उजव्या बाजूला ‘पूर्व’ लिहीत असे. ज्याने खिडकीतल्या सूर्यावर विश्वास ठेवला त्याचे चुकणार, ज्याने माझ्यावर ठेवला त्याचे बरोबर येणार, असा तो सगळा प्रकार होता.

दुपारी खूण करताना ती मुलगी शेजारी उभी होती. ती आपणहून म्हणाली, ‘बाई, गेल्या वर्षी जादा तासाला सकाळी येताना माझी सावली माझ्या पुढे असायची आणि संध्याकाळी घरी जातानापण पुढेच असायची. दोन्ही वेळा मी तिच्यावर पाय द्यायचा प्रयत्न करायची.’ मी थबकले. पाणीगेटहून मांडवी, लहेरीपुरा ओलांडून शाळेकडे, म्हणजे पश्चिमेला. सकाळी सूर्य पाठीशी. संध्याकाळी परत पूर्वेला. सूर्य पुन्हा पाठीशी. छायेच्या प्रश्नांत मी मुलांकडून जे घोकून घेत होते, ते ही मुलगी रोज चालत होती. हिचे दिशांचे प्रश्न चुकतात कसे?

मी तिला गेल्या वर्षीच्या वह्या आणायला सांगितल्या. गुजराती सराव-पुस्तकातले प्रश्न तिने एका वहीत सोडवले होते. ते जवळजवळ सगळे बरोबर होते. माझ्या मराठी पत्रिकांतले सगळे चूक. चुकाही कशा? पूर्वेच्या जागी पश्चिम, ईशान्येच्या जागी वायव्य. उत्तरेकडे तोंड करून निघालेली प्रत्येक वाट आरशात पाहावी तशी उलटली होती. मी तिला खडू दिला आणि म्हटले, ‘उजवीकडे बाण काढ.’ तिने खडू डाव्या हातात घेतला.

ती डावखुरी होती. तीन वर्षे माझ्यासमोर बसलेली मुलगी. घरी वडीलधाऱ्यांनी जेवायला मात्र उजवा हात लावलेला. गुजरातीत उजव्याला ‘जमणो’ म्हणतात. आपल्याकडची मुले तो शब्द ‘जमवुं’शी, जेवण्याशी जोडतात. तिच्या घरच्या मराठीतही तोच शब्द रुळला होता. म्हणून गुजराती पुस्तकातला ‘जमणो’ तिला नेमका कळे. माझ्या चौकटीतला ‘उजवा’ मात्र, बाईंनी छापून दिले होते त्याप्रमाणे, लिहिण्याचा हात. मी विचारले, ‘अगं, तुला हे वेगळं वाटलं नाही?’ ती म्हणाली, ‘मला वाटलं, घरचं जमणं-डाबं वेगळं आणि शाळेतलं उजवं-डावं वेगळं. तुम्ही लिहिलं होतं ना बाई.’

तिने माझी सूचना अक्षरशः पाळली होती. लक्ष माझे नव्हते.

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. काय सांगावे हे वाटेत ठरवले होते. दारात गेल्यावर त्यातले निम्मेच बोलता आले. तिच्या आईने चहा केला आणि म्हणाल्या, ‘बाई, तुम्ही मुद्दाम आलात, ते बरं केलंत.’ परीक्षेची संधी मात्र गेली ती गेली. माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून तिची बारावीपर्यंतची फी भरण्याची व्यवस्था झाली, पण ती मदत होती. शिष्यवृत्ती तिची स्वतःची असती. त्या दोन गोष्टी एक नव्हेत, हे मी जाणते. आज ती विज्ञान शाखेची पदवी घेत आहे. हा प्रसंग सांगण्यापूर्वी मी तिची अनुमती घेतली. ‘नाव नका घेऊ, बाकी सांगा’ असे तिने कळवले.

तेव्हापासून शाळेत दोन बदल झाले. पात्र असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचा अर्ज भरला जातो. निकालाचे प्रमाण जे काय लागायचे ते लागो. आणि पत्रिकेच्या माथ्यावरची चौकट बदलली. आता तेथे हाताचा उल्लेख नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला आम्ही मैदानावरच्या रेषेवर पूर्वेकडे तोंड करून उभे करतो आणि दक्षिणेकडच्या हाताच्या मनगटाला तो स्वतः दोरा बांधतो. डावखुऱ्या मुलांना दोरा बांधायला सोपे जाते, उजवखुऱ्यांना शेजाऱ्याची मदत लागते. त्या दिवशी वर्गात थोडा गोंधळ होतो, तो होऊ देतो.

पालकांना एक विनंती. आपल्या घरी उजव्याला काय म्हणतात, जमणा, सीधा की उजवा, ते मुलाला एकदा विचारून पाहा, आणि तो कोणता हात वर करतो तेही पाहा. पहिलीच्या वर्गातल्या मुलांच्या पालकांनी विशेषतः.

आणि मुलांनो, येत्या रविवारी आकाश निरभ्र असेल तर सकाळी साडेनऊला मैदानावर या. जुनी रेषा पावसात पुसली आहे, ती पुन्हा आखायची आहे. येताना दोरी, खडू आणि डबा आणा, कारण दुसरी खूण होईपर्यंत दुपार होईल. शंकू मी आणते.